टेक्सासचा एलटीसी परवाना: सक्ती गेली, तरी काढावाच

१ सप्टेंबर २०२१पासून टेक्सासमध्ये पिस्तूल कपड्याखाली लपवून किंवा होल्स्टरमध्ये (पिस्तुलाच्या म्यानात) उघडं बाळगायला राज्याचा परवाना लागत नाही. ‘हाउस बिल १९२७’वर गव्हर्नर ग्रेग ॲबट यांनी त्या वर्षीच्या जूनमध्ये सही केली आणि १९९५च्या कायद्याने आणलेली परवान्याची सक्ती संपली. २०२४मध्ये लुइझियाना आणि साउथ कॅरोलायना या रांगेत आल्यावर अमेरिकेतल्या अशा राज्यांची संख्या २९ झाली.

परवाना मात्र बंद झालेला नाही. राज्याचा सार्वजनिक सुरक्षा विभाग, म्हणजे डीपीएस, तो आजही देतो. नाव ‘लायसन्स टू कॅरी’, बोलताना सगळे एलटीसी म्हणतात. सरकारी फी ४० डॉलर. ह्यूस्टन, डॅलस, ऑस्टिनकडच्या आपल्या लोकांत पिस्तुलाचा विषय निघाला की हमखास प्रश्न येतो, की जे फुकटात करता येतं त्यासाठी पैसे, अर्धा दिवस आणि बोटांचे ठसे कशाला द्यायचे? आमचं उत्तर स्पष्ट आहे. कायद्याने पिस्तूल बाळगायला पात्र असाल आणि ते खरोखर घराबाहेर नेणार असाल, तर एलटीसी काढाच. परवान्याशिवाय मिळालेली मोकळीक बाहेरून दिसते त्यापेक्षा बरीच तोकडी आहे, आणि ती नेमकी कुठे संपते हे न कळल्यामुळेच सरळमार्गी माणसं अडकतात.

आधी व्हिसा बघा

हा मुद्दा सगळ्यात आधी, कारण आपल्या वाचकांपैकी अनेकांसाठी विषय इथेच संपतो. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१, बी-२ अशा तात्पुरत्या व्हिसावर अमेरिकेत आलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतूस जवळ ठेवायला केंद्राच्या कायद्याने बंदी आहे. टेक्सासने परवान्याची सक्ती काढली म्हणून ही बंदी उठलेली नाही. राज्याचा कायदा केंद्राच्या कायद्याला ओलांडू शकत नाही. शिक्षा १५ वर्षांपर्यंत जाते. २०२२पूर्वी ती १० वर्षांपर्यंत होती.

कायद्यात अपवाद आहेत, आणि त्यातला शिकारीच्या परवान्याचा अपवाद आपल्या लोकांत तोंडोतोंडी फिरतो. “पार्कवाल्यांकडून (राज्याच्या उद्यान आणि वन्यजीव खात्याकडून) शिकारीचं लायसन्स काढ, झालं काम.” वैध शिकार-परवाना असलेल्याला सूट मिळते हे खरं. पण त्या परवान्याची मुदत ज्या दिवशी संपते त्या दिवशी सूटही संपते, आणि कपाटातलं पिस्तूल तिथेच राहतं. असल्या धाग्यावर रोजचं पिस्तूल बाळगणं टांगू नका. ज्यांना हा मार्ग घ्यायचाच आहे त्यांनी आधी इमिग्रेशनच्या वकिलाशी बोलावं, दुकानदाराशी नव्हे.

यात आणखी दोन फसवे खड्डे आहेत. एक, रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी, भाड्याने घेतलेली बंदूक हातात धरणं हाही कायद्याच्या नजरेत ताबाच असतो. भारतातून आलेल्या आईबाबांना शनिवारी गंमत म्हणून रेंजवर नेऊन दहा गोळ्या झाडायला लावणं हे त्यांच्या बी-२ व्हिसाच्या दृष्टीने गंमत नाही. दोन, घरात एकाचं ग्रीन कार्ड आणि दुसरा व्हिसावर असेल तर तिजोरीची किल्ली किंवा आकडा फक्त ग्रीन कार्डवाल्याकडेच असायला हवा. हात घातला की पिस्तूल मिळतं अशी स्थिती असेल, तर ते कुणाच्या नावावर घेतलं होतं हा बचाव पुरत नाही.

ग्रीन कार्ड आणि नागरिकत्व असलेल्यांना बाळगता येतं. पण ग्रीन कार्डवाल्यांनी एवढं पक्कं लक्षात ठेवावं, की बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरल्यास देशातून काढून टाकण्याची कारवाई होऊ शकते. नागरिकाला २०० डॉलर दंड भरून सुटता येईल अशा प्रकरणातही तुम्ही आधी वकील गाठा.

चाळीस डॉलरमध्ये नेमकं काय मिळतं

एलटीसीचा खरा उपयोग कुठल्याही दुकानाच्या दारात कळतो. टेक्सासमधल्या रेस्टॉरंटच्या, थिएटरच्या किंवा दवाखान्याच्या काचेवर इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये गच्च मजकूर भरलेल्या पाट्या असतात. बहुतेक लोक त्या न वाचता आत जातात. पिस्तूल बाळगणाऱ्याने मात्र प्रत्येक पाटीवरचा राज्याच्या दंडसंहितेचा कलम-क्रमांक वाचल्याशिवाय दाराला हात लावू नये.

३०.०५ लिहिलं असेल तर परवाना नसलेल्याला बंदूक घेऊन आत यायला मनाई आहे. ३०.०६ म्हणजे परवानाधारकाने लपवून आणायलाही मनाई. ३०.०७ म्हणजे परवानाधारकाने उघडपणे आणायला मनाई. ३०.०६ आणि ३०.०७च्या पाट्यांचा मजकूर कायद्यात शब्दशः ठरवून दिलेला आहे. अक्षरं किमान एक इंच उंचीची, पार्श्वभूमीपेक्षा वेगळ्या ठळक रंगात, दोन्ही भाषांत आणि प्रवेशद्वारावर सहज दिसतील अशी हवीत. आता गंमत बघा: एखाद्या दारावर फक्त ३०.०५ असेल, तर पिस्तूल लपवून आत जाणारा एलटीसीधारक कायद्यात बसतो आणि त्याच दारातून त्याच्या मागोमाग जाणारा बिनपरवानावाला अतिक्रमणाचा गुन्हा करतो. दोघांच्या कमरेला तेच पिस्तूल असलं तरी फरक फक्त पाकिटातल्या कार्डाचा.

नुसतं आत शिरल्याचा दंड २०० डॉलरपर्यंत. पण मालकाने किंवा कर्मचाऱ्याने तोंडी “बाहेर जा” म्हटल्यावर जो थांबतो त्याचं प्रकरण क्लास ए मिसडिमीनरवर (किरकोळ गुन्ह्यांतल्या सर्वांत वरच्या वर्गावर) जातं, म्हणजे वर्षभरापर्यंतचा तुरुंगवास. तेव्हा वाद घालू नका. पाटीची अक्षरं पाऊण इंचाची आहेत, मजकूर चुकलाय, हे सगळं वकिलाने कोर्टात सांगायचं असतं. दारात तुम्ही फक्त मागे फिरायचं.

५१ टक्क्यांची लाल पाटी वेगळी. ज्या बारची निम्म्याहून जास्त कमाई तिथेच पिण्याच्या दारूतून होते तिथे ती लागते आणि तिच्यापुढे एलटीसीही चालत नाही.

दुसरा फायदा शाळेच्या हद्दीचा आहे. आमच्या मते एकट्या या कारणासाठीसुद्धा ४० डॉलर वसूल होतात, आणि दुकानदार हेच सांगत नाहीत. केंद्राच्या गन-फ्री स्कूल झोन्स कायद्यानुसार शाळेच्या आवारापासून १,००० फुटांच्या आत, म्हणजे जेमतेम ३०५ मीटरमध्ये, बंदूक बाळगणं हा गुन्हा आहे. कमाल शिक्षा पाच वर्षं. १९९०चा हा कायदा १९९५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला, आणि तो खटलाही टेक्सासमधलाच होता, सॅन अँटोनिओच्या एका शाळेत पिस्तूल आणलेल्या विद्यार्थ्याचा. १९९६मध्ये संसदेने शब्द दुरुस्त करून तो पुन्हा आणला. त्यातल्या सवलती मोजक्या आहेत: खासगी मालमत्ता, गोळ्या काढून कुलूपबंद डब्यात ठेवलेली बंदूक, आणि ज्या राज्यात ती शाळा आहे त्या राज्याने पडताळणी करून दिलेला परवाना.

ही शेवटची सवलत नीट वाचा. त्यात “राज्याच्या कायद्याने बाळगायला मुभा असलेला” असं म्हटलेलं नाही. परवाना दिलेला माणूस हवा. आता प्लेनो, फ्रिस्को, शुगर लँड किंवा केटीच्या नकाशावर प्रत्येक शाळेभोवती १,००० फुटांचं वर्तुळ काढा. किराणा आणायला, मुलाला पोहण्याच्या क्लासला सोडायला जाताना अशी दोन-तीन वर्तुळं तुम्ही सहज ओलांडता. घर शाळेजवळ असेल तर घरात तुम्ही सुरक्षित असता, पण फुटपाथवर पाय पडला की नाही. एलटीसी नसलेला माणूस राज्याच्या कायद्यात पूर्ण बसूनही तिथे केंद्राच्या कायद्याबाहेर जातो. हे कलम बहुतेकदा दुसऱ्या एखाद्या प्रकरणाला जोडून लावलं जातं, म्हणून लोक निर्धास्त असतात. आम्हाला तो निर्धास्तपणा पटत नाही. ओक्लाहोमाचा किंवा फ्लोरिडाचा परवाना खिशात असला तरी टेक्सासच्या शाळेपुरता तो उपयोगाचा नाही, कारण परवाना शाळेच्याच राज्याचा लागतो.

इथे एक गैरसमज मात्र पक्का खोडायला हवा. एलटीसीमुळे शाळेजवळून जाता येतं, शाळेच्या इमारतीत जाता येत नाही. मराठी मंडळांचे गणपती, दिवाळीचे कार्यक्रम, नाटकं अनेकदा भाड्याने घेतलेल्या शाळेच्या सभागृहात होतात. रविवार असो, शाळा बंद असो, आत एकही विद्यार्थी नसो, इमारत शाळेचीच राहते. राज्याच्या ४६.०३ कलमाखाली तिथे पिस्तूल नेणं हे थर्ड डिग्री फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा आहे, दोन ते दहा वर्षं कैद आणि १०,००० डॉलरपर्यंत दंड. कमरेला पिस्तूल असलेल्याने कार्यक्रमाचा पत्ता आदल्या दिवशीच तपासावा. मंदिरांना २०१९पासून सरसकट बंदी नाही, तिथे दारावरची पाटीच प्रमाण मानायची.

विद्यापीठांचं बरोबर उलट आहे. १ ऑगस्ट २०१६पासून सरकारी विद्यापीठांच्या इमारतींत पिस्तूल लपवून नेता येतं, पण फक्त एलटीसीधारकांना. बिनपरवानावाल्यांसाठी ते दार बंदच आहे. मुलाला कॉलेजच्या वसतिगृहात सोडायला जाणाऱ्या पालकांनी हे लक्षात ठेवावं, आणि विद्यापीठाने आपल्या अधिकारात कुठल्या इमारती वगळल्या आहेत तेही बघावं.

विमानतळावरही कार्ड कामाला येतं. सुरक्षा तपासणीच्या रांगेत पिस्तूल चुकून बॅगेत सापडलं आणि सांगितल्याबरोबर तुम्ही ते घेऊन बाहेर पडलात, तर एलटीसीधारकावर राज्याच्या कायद्याखाली गुन्हा होत नाही. ही सूट परवान्याखाली बाळगता येतं अशा पिस्तुलालाच. टीएसएचा, म्हणजे विमानतळांवर तपासणी करणाऱ्या केंद्राच्या यंत्रणेचा, हजारो डॉलरचा दिवाणी दंड मात्र तरीही येतो. २०२३मध्ये टीएसएने देशभरातल्या तपासणी नाक्यांवर ६,७३७ बंदुका पकडल्या, त्यातल्या सुमारे ९३ टक्के गोळ्या भरलेल्या होत्या. विमानतळांच्या यादीत अटलांटाच्या खालोखाल डॅलस-फोर्ट वर्थ आणि ह्यूस्टन होते. यामागचं कारण अगदी साधं असतं: ऑफिसच्या बॅगेच्या मागच्या कप्प्यात पिस्तूल ठेवायची सवय, आणि तीच बॅग घेऊन सोमवारची सकाळची फ्लाइट. पिस्तूल आणि बॅग यांची गाठच पडू देऊ नका. पिस्तूल अंगावर असावं नाहीतर तिजोरीत.

उरलेले फायदे छोटे पण रोजचे. अधिकृत दुकानातून बंदूक घेताना एलटीसी दाखवली की फॉर्म भरावा लागतो, पण एफबीआयकडची पडताळणी त्या वेळी पुन्हा करावी लागत नाही. ज्यांचं नाव दुसऱ्या कुणाशी जुळून दर वेळी “थांबा” असा निरोप येतो, त्यांना याची किंमत कळते. ऑस्टिनच्या राज्य विधानभवनात एलटीसीधारकांना वेगळी रांग आहे. राज्याबाहेर न्यू मेक्सिको टेक्सासचा परवाना मानतं, तिथे परवान्याशिवाय लपवून बाळगता येत नाही. तिथल्या वाइट सँड्स राष्ट्रीय उद्यानाला गाडीने जाणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. कोणतं राज्य कोणाचा परवाना मानतं हे बदलत असतं, म्हणून निघायच्या आधी डीपीएसच्या संकेतस्थळावरची यादी बघा.

काही राज्यांत मात्र टेक्सासचं कार्ड शून्य आहे: कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सी, मेरीलँड, मॅसॅच्युसेट्स. न्यू जर्सीतल्या एडिसनला भावाकडे गाडीने जाणार असाल तर बंदूक घरी ठेवणं हाच सल्ला. न्यू जर्सीत विनापरवाना पिस्तूल बाळगण्याला सक्तीची किमान कैद आहे. २०१३मध्ये पेन्सिल्व्हेनियाचा परवाना असलेल्या एका महिलेने तिथे वाहतूक पोलिसाला आपणहून पिस्तूल असल्याचं सांगितलं, आणि तिला अटक झाली. २०१५मध्ये गव्हर्नर ख्रिस क्रिस्टी यांनी तिला माफी दिली. प्रामाणिकपणे सांगितलं म्हणून परवाना त्या राज्यात लागू होत नाही.

अर्ज कसा होतो आणि कुठे अडतो

अर्ज डीपीएसच्या संकेतस्थळावर भरायचा, फी तिथेच भरायची, मग ठरवून दिलेल्या केंद्रावर वेळ घेऊन बोटांचे ठसे द्यायचे आणि प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र अपलोड करायचं. वर्गात बसून केलेल्या प्रशिक्षणाचा फॉर्म एलटीसी-१००, आणि ऑनलाइन वर्गानंतर रेंजवर दिलेल्या परीक्षेचा एलटीसी-१०१. ऑनलाइन केलं असेल तर एकच कागद चढवून थांबू नका, दोन्ही लागतात.

एकूण खर्च धरायचा तर फी ४०, ठशांचे साधारण १०, वर्गाचे शिकवणारा मागेल तसे ५० ते १००, आणि ५० गोळ्यांचा एक डबा. २०१७पर्यंत नुसती सरकारी फीच १४० डॉलर होती. पहिला परवाना चार वर्षांनंतरच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत चालतो, पुढची नूतनीकरणं पाच वर्षांची.

अर्जात गेल्या पाच वर्षांचे राहण्याचे आणि कामाचे पत्ते लागतात. दर दोन वर्षांनी अपार्टमेंट आणि क्लायंट बदलणाऱ्या आयटीवाल्यांची इथेच दमछाक होते. जुन्या भाडेकरारांवरून तारखा आधी एका कागदावर लिहून घ्या. दुसरी अडचण नावाची. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं, पासपोर्टवर एका क्रमाने, ग्रीन कार्डवर दुसऱ्या, ड्रायव्हिंग लायसन्सवर तिसऱ्या. अर्जातलं नाव ड्रायव्हिंग लायसन्सशी अक्षरशः जुळवा, आणि माहेरचं नाव किंवा आधी वापरलेली सगळी नावं त्यांच्या रकान्यात लिहा. ठशांचंही एक आहे: कोरड्या, घासलेल्या बोटांचे ठसे उमटत नाहीत आणि परत बोलावलं जातं. दोन-तीन दिवस आधीपासून रात्री बोटांना साधं क्रीम लावलं तर फरक पडतो.

अटक झाली असेल, खटला मागे घेतला असेल, तरी विचारलेलं असल्यास लिहा. लपवलं की साधी चूक खोट्या माहितीत जमा होते. पाच वर्षांच्या आतला क्लास ए किंवा क्लास बी मिसडिमीनर, मुलाच्या पोटगीची थकबाकी, कराची थकबाकी, यांपैकी काहीही असेल तर परवाना मिळत नाही.

वयाची अट मुळात २१ आहे. २०२२मध्ये टेक्सासच्याच केंद्रीय न्यायालयाने १८ ते २० वयाच्या प्रौढांना वगळणं घटनाबाह्य ठरवलं, आणि राज्याने अपील मागे घेतलं. घरातल्या एकोणीस वर्षांच्या पोराला हे माहीत असतं, आईवडिलांना नसतं.

वर्ग आणि परीक्षा: इथे मात्र गुण कापतो

वर्ग ४ ते ६ तासांचा. विषय चार: शस्त्रांचे आणि प्राणघातक बळाच्या वापराचे कायदे, पिस्तुलाची हाताळणी आणि सुरक्षा, हिंसेशिवाय भांडण मिटवणं, आणि मुलांच्या हाती लागणार नाही अशी साठवण. लेखी परीक्षेत ७० टक्के लागतात. ऑनलाइनपेक्षा समोर बसून शिकवणारा निवडा, कारण प्रश्न विचारता येतात आणि बळाच्या वापराच्या कायद्यात प्रश्नच जास्त असतात. भर रस्त्यात कुणी गाडी आडवी घातली म्हणून पिस्तूल नुसतं दाखवलं तरी गुन्हा होऊ शकतो, रोखलं तर त्याहून गंभीर. हे वर्गात नीट कळलं तर पैसे वसूल.

नेमबाजीची परीक्षा मात्र फार सोपी आहे, आणि ही आमची मोठी तक्रार. बी-२७ नावाचं लक्ष्य, २४ बाय ४५ इंचाची माणसाची काळी आकृती. एकूण ५० गोळ्या: ३ यार्डांवरून २०, ७ यार्डांवरून २०, १५ यार्डांवरून १०. आठच्या वर्तुळात किंवा आत लागली की ५ गुण, सातच्या वर्तुळात ४, बाकी आकृतीत कुठेही ३. कमाल २५०, पास व्हायला १७५. ३ यार्डांवर एक गोळी दोन सेकंदांत अशी पाच वेळा, दोन गोळ्या तीन सेकंदांत अशी पाच वेळा, आणि शेवटी दहा सेकंदांत पाच.

हिशेब करा. ३ आणि ७ यार्डांवरच्या चाळीस गोळ्या आठच्या आत लागल्या की २०० गुण झाले. १५ यार्डांवरची एकही गोळी कागदाला नाही लागली तरी माणूस पास. पिस्तूल होल्स्टरमधून काढायची परीक्षाच नाही, हात आधीच पुढे तयार असतात. म्हणजे जे कौशल्य रोज बाळगणाऱ्याला लागतं आणि ज्यात सगळ्यात जास्त अपघात होतात, तेच तपासलं जात नाही. २०१३पासून नूतनीकरणाला वर्ग आणि गोळीबार दोन्ही लागत नाहीत. दहा वर्षांत एकदाही चाप न ओढलेल्या माणसाचं कार्डही वैध राहतं. आमच्या मते हे चुकीचं आहे.

एवढ्या सोप्या परीक्षेतही नापास होणारे असतात आणि कारणं ठरलेली. छोटं खिशातलं पिस्तूल घेऊन येतात, त्याची नळी आखूड, पकड तोकडी, धक्का जोरात. उजव्या हाताच्या माणसाच्या गोळ्या खाली डावीकडे जायला लागल्या की चाप झटक्याने ओढला जातोय हे समजावं. मनगट सैल सोडलं की काडतूस अडकतं आणि सेकंद तिथेच जातात. परीक्षेला मध्यम आकाराचं ९ मिमी आणा, ते आधी किमान १०० गोळ्या चालवून बघा, आणि ५० ऐवजी ६० गोळ्या बरोबर ठेवा. मॅगझिन नवं असेल तर आदल्या दिवशी भरून ठेवा, स्प्रिंग सैल होते आणि बोटं सोलत नाहीत.

होल्स्टरवर मात्र वर्गात क्वचित वेळ जातो, म्हणून इथे सांगतो. चापाभोवतीची कडी पूर्ण झाकणारं, कडक साच्याचं, पिस्तूल काढल्यावरही तोंड उघडं राहणारं होल्स्टर घ्या. मऊ कापडी होल्स्टरचं तोंड मिटतं, पिस्तूल परत घालताना कापडाची किंवा शर्टाची घडी चापात अडकते आणि गोळी सुटते. परत घालताना घाई नको, बोट चौकटीवर सरळ, शर्ट दुसऱ्या हाताने वर, नजर होल्स्टरच्या तोंडावर. साधा चामड्याचा पातळ पट्टा पिस्तुलाचं वजन पेलत नाही, दर अर्ध्या तासाने हात कमरेवर जातो आणि सगळ्यांना कळतं. पर्समध्ये ठेवणाऱ्यांनी पिस्तुलाला स्वतंत्र कप्पा ठेवावा, आणि पर्स कधी खुर्चीला लटकवू नये.

कार्ड असूनही जिथे चालत नाही

कोर्ट, मतदान केंद्र, तुरुंग, खेळांचे सामने ही ठिकाणं राज्याच्या यादीत आहेत. केंद्र सरकारच्या इमारतींचा नियम वेगळा आणि राज्याचं कार्ड तिथे उपयोगाचं नाही. नागरिकत्वाच्या मुलाखतीला किंवा ठसे द्यायला यूएससीआयएसच्या (केंद्राच्या इमिग्रेशन खात्याच्या) कार्यालयात जाताना गाडीच्या ग्लव्ह बॉक्सपासून आतल्या खिशापर्यंत सगळं तपासा. ऑफिसच्या पार्किंगमध्ये कुलूपबंद गाडीत पिस्तूल ठेवायला २०११च्या राज्य कायद्यानुसार बहुतेक मालकांना मनाई करता येत नाही, पण इमारतीत आणायला करता येते आणि ते मोडल्यास नोकरी जाते. गाडीत ठेवायचंच तर सीटच्या सांगाड्याला तारेने बांधलेली छोटी पेटी घ्या. चोर आधी ग्लव्ह बॉक्सच उघडतो.

पोलिसाने थांबवून ओळखपत्र मागितलं तर परवानाधारकाने ड्रायव्हिंग लायसन्ससोबत एलटीसीही द्यायची असते. दोन्ही कार्डं पाकिटात एकावर एक ठेवा, पिस्तुलापासून दूरच्या खिशात. हात स्टिअरिंगवर, आधी तोंडाने सांगा, मग हलवा.

घरी १७ वर्षांखालचं मूल असेल तर त्याच्या हाताला भरलेली बंदूक लागणं हा टेक्सासमध्ये गुन्हा आहे, आणि त्यातून जीव गेला किंवा गंभीर इजा झाली तर क्लास ए. कपाटाचा वरचा खण ही तिजोरी नव्हे. पाहुण्यांची मुलं घरभर फिरतात, आणि गणपतीत घरात वीस माणसं असतात. पेटी भिंतीला किंवा लाकडी कपाटाला बोल्टने ठोका.

शेवटचा मुद्दा रेंजच्या बॅगेचा. झाडलेल्या ५० गोळ्यांतली एक न फुटलेली, किंवा खिशातून सटकलेली, बॅगेच्या अस्तराच्या शिवणीत जाऊन बसते. तीच बॅग वर्षभराने मुंबईच्या फ्लाइटला जाते. भारतातल्या विमानतळावर परतीच्या तपासणीत एक जिवंत काडतूस सापडलं की शस्त्र कायद्याच्या २५व्या कलमाखाली गुन्हा दाखल होतो, आणि टेक्सासचं कार्ड तिथे कुणी बघतही नाही. ताबा जाणीवपूर्वक नव्हता हे पटल्यावर उच्च न्यायालयांनी असे गुन्हे रद्द केले आहेत, पण तोवर सुट्टी, तिकीट आणि वकिलाची फी गेलेली असते. रेंजसाठी वेगळ्या भडक रंगाची बॅग ठेवा, ती गॅरेजच्या बाहेर कधीच नेऊ नका, आणि घरी आल्यावर ती उलटी करून तळाच्या शिवणीवरून बोट फिरवा.